मधली डबी

माझं स्वतःचं वाढणं सांगायला फार वेळ लागत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, मग इचलकरंजीत मागाच्या शेडच्या दाराशी सुताच्या कांड्या भरायला बसले आणि तिथूनच लग्न झालं. एक दिवस परकर होता, दुसऱ्या दिवशी साडी. मधलं काही मी पाहिलं नाही. माणूस वाढतं कसं, हे मी नीट बसून पाहिलं ते उतारवयात, जर्मनीत, माझ्या नातीचं. म्हणून हे प्रकरण तिचं आहे. ते गोड होणार नाही. ज्यांना नातवंडांचं कौतुक वाचायचं असेल त्यांनी ही पानं उलटून पुढे जावं.

सुधीर माझा एकुलता एक मुलगा. लुडविग्सहाफेनला केमिकल कारखान्यात इंजिनियर. हे गेले तेव्हा त्यानं तिथल्या कचेरीत खेटे घातले, आई विधवा आहे, मागे कोणी नाही, असं कागदोपत्री सिद्ध केलं आणि मला घेऊन गेला. कागदावर लिहिलं नव्हतं ते असं, की घरात लहान मुलगी होती आणि नवराबायको दोघंही सकाळी कामावर जात होते. मला त्याचा राग आला नाही. काम असलं की माणसाला घरात जागा असते, एवढं मला कांड्या भरतानाच कळलेलं होतं. सून वैशाली चांगली होती. नदीपलीकडे मानहाइमला लॅबमध्ये जायची, दमून यायची आणि कोणाशी भांडायची नाही. भांडायला लागणारी ताकद तिच्याकडे उरतच नसे.

तिथली शांतता मला बरेच दिवस झोपू देईना. मी जन्मभर मागांच्या खटखटीत झोपलेली बाई. खटखट थांबली की जागी होणारी, कारण माग थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं. तिथे कायमच काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. दुपारी एक ते तीन तर इमारतीत नळसुद्धा जपून सोडायचा, तसा नियम छापून खाली जिन्यात लावला होता. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. जिना धुण्याची पाळी आली की दारावर पाटी लागायची. पहिल्या पाळीला मी बादलीभर पाणी वरून ओतलं, घरी ओतायची तसं, आणि ते पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ बेंडरच्या दाराखालून त्यांच्या गालिच्यापर्यंत गेलं. त्यानंतर बाई माझ्याशी कित्येक वर्षं बोलल्या नाहीत. पुढे बोलायला लागल्या तेही माझ्या नातीच्या, रेवाच्या, गिटारबद्दल तक्रार करायला.

जेवणखाण आमचं आम्ही जमवलं होतं. क्वार्क नावाचं तिथलं दही फडक्यात टांगून त्याचं श्रीखंड करायचं. पीठ तुर्की दुकानातलं. कोलराबी म्हणून जे मिळतं तो आपला नवलकोल, त्याची हरभऱ्याची डाळ घालून भाजी. कांदा-लसूण चटणी गावाकडून यायची. फोडणी करायची म्हणजे आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या, मग थंडी आत आली की सगळ्यांनी स्वेटर घालायचे आणि मग तेल तापवायचं. सुधीर म्हणायचा, कारखान्यातसुद्धा इतके सेफ्टी रूल नाहीत.

रेवा बालवाडीत गेली आणि जर्मन घेऊन आली, पोरं सर्दी घेऊन येतात तशी. मलाही ती लागली. तिथे मुलांचे बूट बदलायचा एक बुटका बाक होता, त्यावर रोज बसून मी ती भाषा शिकले. व्याकरण मला आजही विचारू नका. पण कोण कोणाला काय म्हणालं आणि का म्हणालं, हे समजायचं. सुधीरचं जर्मन कामापुरतं, कारखान्यात त्याचं इंग्रजीवर भागायचं. पोरगी मोठी होत गेली तसं तिचं बोलणं भरभर झालं, त्या भागातल्या गावठी वळणाचं झालं, आणि ते त्याला अर्धंच कळायला लागलं. हे कबूल करण्याऐवजी त्यानं नियम केला. घरात मराठी. मराठीत बोललीस तर ऐकेन. रेवाला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून जर्मनच यायचं. वैशालीला दोन्ही चांगलं येत होतं, पण ती मधे पडायची नाही. दोघांपैकी एकजण नंतर तिच्यावरच घसरायचा.

राहिले मी. टेबलावर माझी खुर्ची दोघांच्या मधे होती. रेवा बोलायची आणि मी म्हणायची, ती म्हणते, वर्गाची सहल आहे. सुधीर माझ्याकडे बघून म्हणायचा, तिला सांग, गणितात किती पडतात ते बघू. ते तिला सांगावं लागत नसे, तिनं ऐकलेलं असायचं. अशी आमची जेवणं व्हायची. मी माझं काही त्यात घालत नव्हते. तिखट असलं तर तिखटच पुढे द्यायची. ती म्हणते, तुम्हाला माझ्यातलं काही कळत नाही. असं मी भाकरी मोडत मोडत शांतपणे सांगायची, आणि वैशाली ताटात बघून हसू दाबायची. लोकांना वाटतं मधलं माणूस म्हणजे लावालाव्या करणारं किंवा मलम लावणारं. मी दोन्ही केलं नाही. सवय जुनी होती. मागाच्या शेडमध्ये आतून कामगार ओरडला की बाहेर मालकाला नुसता गलका ऐकू यायचा, शब्द नाही. सूत संपलं म्हणतो की पट्टा तुटला म्हणतो, काही समजायचं नाही. मी दाराशी बसलेली. मला आतलं ऐकू यायचं, आणि मी तेच बाहेर सांगायची. त्यात माझी अक्कल चालवायची नसते. चालवली की सूत संपलेलं असताना पट्टा येतो.

चौदाव्या वर्षी रेवानं गिटार आणली. शेजारचं तान्हं पोर सांभाळून तिनं ती जुन्या बाजारातून घेतली होती. निळी, एका कोपऱ्यात रंग उडालेली, विजेवर वाजणारी. वीज न लावता वाजवली तर डास गुणगुणल्याएवढा आवाज. घरी ती तशीच वाजवायची, आमच्या खोलीत, पलंगावर मांडी घालून. मी आणि ती एकाच खोलीत झोपायचो. मला तो डास आवडायचा. त्या घरात रात्रंदिवस काही चालू असल्यासारखं वाटायचं.

मोठ्यानं वाजवायला ती गल्लीच्या टोकाला जायची. तिथे पालिकेचं युगेंडहाउस होतं, पोरापोरींनी संध्याकाळी जमायची जागा. सुधीरला ती जागा पसंत नव्हती, म्हणून सोबतीला मी. तिथला सगळा कारभार उवे नावाचा माणूस बघायचा. पन्नाशीचा, पांढऱ्या केसांची मागे शेंडी बांधलेला, कायम एका बोटाला चिकटपट्टी. मला तो कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसवायचा आणि पुदिन्याचा चहा द्यायचा. मी तिथे बसून वाटाणे सोलायची. पोरं आधी हसली, मग माझ्याबरोबर सोलायला लागली.

त्या डबीची गोष्ट मला तिथेच कळली. एकदा उवेनं खोली झाडायला आवाजाचा स्पीकर, ते अॅम्प्लिफायर म्हणतात, लांब पलीकडच्या खोलीत नेला आणि दोन वायरी जोडून गिटार त्याला लावली. रेवा वाजवायला लागली आणि थांबली. गिटार तीच, बोटं तीच, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा. जाड सूर येत होते, बारीक सूर जणू वाटेत कोणी खाऊन टाकत होतं. रेवाला वाटलं गिटार बिघडली. उवे हसला आणि ड्रॉवरमधून काड्यापेटीपेक्षा जरा मोठी एक लोखंडी डबी काढली. ती त्यानं गिटारच्या जवळ बसवली, गिटारची छोटी वायर तिच्यात, तिच्यातून लांब वायर पुढे. मग वाजव म्हणाला. सगळे बारीक सूर परत आले.

मी विचारलं, हिनं काय केलं? उवेला मला समजावून सांगायला आवडायचं, कारण मी मधे मधे हो म्हणत नसे. तो म्हणाला, तारांखाली जी लोहचुंबकं असतात त्यांच्यातून निघणारा आवाज फार अशक्त असतो. हातभर वायर त्याला झेपते. लांब वायर झेपत नाही. वायरच त्याच्यातला बारीक भाग गिळते. ही डबी त्याच्याकडून जवळजवळ काहीच मागत नाही, त्याच्यावर ओझं टाकत नाही. नुसतं ऐकते आणि तेच स्वतःच्या ताकदीनं पुढे ढकलते. मग वायर कितीही लांब असो. मी विचारलं, म्हणजे आवाज मोठा करते? तो म्हणाला, नाही, तेवढाच. मग सुधारते? नाही, आहे तसाच. स्वतःचं काही घालत नाही, म्हणूनच चांगली. नाव बफर. तिला वेगळी वीज लागते, तेवढी द्यायची. जवळच्याजवळ वाजवायचं असेल तर तिची गरजही नाही, असं तो शेवटी म्हणाला. हे शेवटचं वाक्य मी विसरले नाही, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच झालं.

इथे कोणी म्हणेल, म्हातारीला त्या डबीत स्वतःचं तोंड दिसलं. दिसलं नाही. डबीला तोंड नसतं, मला आहे.

गणितात रेवाचे मार्क घसरले आणि सुधीरनं गिटारवर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. आपण या देशात कशावर आलो? गणितावर. उवेच्या शनिवारच्या वाजवणाऱ्या पोरांच्या ग्रुपमध्ये तिला घ्यायचं म्हणत होते, आणि शनिवारीच गणिताची शिकवणी होती. रेवा म्हणाली, मी बोलून नाही, वाजवून दाखवते. मी ते तसंच सुधीरला सांगितलं. तेव्हा त्यानं अट घातली. मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांसमोर वाजव. लोकांनी चांगलं म्हटलं तर गिटार तुझी, शनिवार तुझा. नाही म्हटलं तर गिटार बंद. चार लोक म्हणतील त्यावर पोरीचा शनिवार ठरवायचा, हे मला पटलं नाही आणि मी तसं बोलले. पण रेवानं अट मान्य केली. तिला वाटलं, चांगलं वाजवलं की चांगलं ऐकू जातं. त्या वयात तसं वाटतं.

तिनं वाजवायला घेतलं ते माझ्या सासूच्या तोंडचं गणपतीचं एक जुनं पद. मी रात्री गुणगुणायची ते तिनं लहानपणापासून ऐकलेलं. चाल मी सांगितली, आणि तिनं तारेवर बोट अलगद टेकवून घंटेसारखे बारीक सूर काढायची एक युक्ती बसवली. दर ओळीच्या शेवटी देवळात घंटा वाजल्यासारखं व्हायचं. सगळं पद त्या घंटांसाठीच होतं. मला गाण्यातलं कळत नाही, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटाण्याची शेंग हातातच राहिली.

मंडळाचा गणपती एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बसायचा. भिंतीवर येशू आणि समोर थर्माकोलच्या मखरात गणपती, दोघांचं एकमेकांशी काही बिनसलं नाही. बिनसायचं ते मंडळात. त्या वर्षी उन्हाळ्यात फुटबॉलसाठी गाड्यांना लावलेले झेंडे अजून काही लोकांनी काढले नव्हते, आणि आमच्या अध्यक्षांनी मखरालाही एक छोटा जर्मन झेंडा खोचला होता, त्यावरून आधीच दोन तट पडलेले. आदल्या दिवशी उवे स्पीकर घेऊन आला. तो त्यानं स्टेजवर ठेवला आणि अध्यक्षांच्या बायकोनं, पेंडसेवहिनींनी, तो पाहिला. स्पीकरवर बिअरच्या ग्लासांचे गोल डाग होते आणि एका कवटीचं स्टिकर. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो आजी, देवासमोर हे? लोक यावर ग्लास ठेवून पितात. प्रतिष्ठापना व्हायचीय." मी म्हटलं, पुसून देते. त्या म्हणाल्या, पुसून कसं जाईल. मग स्पीकर गेला हॉलच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या बोळात, दार उघडं ठेवून. गिटार स्टेजवर, स्पीकर बोळात, मधे सगळा हॉल. उवेनं खांदे उडवले, दोन लांब वायरी जोडल्या, भिंतीच्या कडेनं नेल्या आणि ती डबी स्टेजवर गिटारच्या पायाशी ठेवली. वाजवून पाहिलं. बोळात मी उभी होते, घंटा लख्ख वाजल्या. उवेनं रेवाला अंगठा दाखवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याला दुसरीकडे काम होतं.

वायरी जोडल्या त्या दिवशी सुधीर आला नव्हता, पण डबी त्यानं आधी पाहिलेली होती. रेवानं ती आठवडाभर घरी आणली होती, छोट्या स्पीकरसोबत. हा माणूस कुठलीही गोष्ट न तपासता घरात ठेवत नाही, मीठसुद्धा. त्यानं रेवाला दिवाणखान्यात बसवलं, डोळे मिटले, आणि सांगितलं, एकदा डबी लावून वाजव, एकदा काढून वाजव, कुठलं कुठलं ते मला सांगू नकोस. तिनं वाजवलं. वायर हातभर. त्याला फरक कळला नाही. मला कळला नाही. रेवालाही कळला नाही. तो खूश झाला. "बघ आई," तो म्हणाला, "गेन वन आहे. जे आत जातं तेच बाहेर येतं. मग हवी कशाला? ही जर्मन लोकांची हौस आहे नुसती." रेवा म्हणाली, लांब वायर असली की फरक पडतो, बाबांना सांग. मी सांगितलं. सुधीरनं टेबल पुसल्यासारखा हात फिरवला. त्याची चाचणी झाली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळपासून बोळापलीकडच्या स्वयंपाकघरात मोदकांवर होते. तांदळाची पिठी एशियन दुकानातली, ती चिकट फार, मोदकांना कळ्या पडेनात. बाहेर आरत्या झाल्या, लहान मुलांचे नाच झाले, एका काकांनी इतकं लांब भाषण केलं की दोन घाणे उकडून झाले. मग अध्यक्षांनी रेवाचं नाव घेतलं. मी हात पुसून बोळात स्पीकरजवळ जाऊन उभी राहिले.

पहिली ओळ आली आणि मला कळलं. आवाज गोधडीखाली होता. जाड, मंद, शेजारच्या घरात कोणी बोलत असावं तसा. ओळ संपली, घंटेची जागा आली आणि तिथे काहीच आलं नाही. नुसता धप असा आवाज. मी स्पीकरची बटणं बघितली, त्यातलं मला काय कळणार. दारातून स्टेज दिसत होतं. रेवानं पायाशी बघितलं. मग मागे बघितलं. डबी नव्हती. लांब वायर सरळ गिटारमध्ये खोचलेली होती. तिच्या मागे मखर लखलखत होतं. आदल्या दिवशी डबीला वीज जिथून होती तिथे आता दिव्यांच्या माळेचा प्लग होता.

ती थांबली नाही. थांबायला हवं होतं असं मला त्या वेळी वाटलं, आता वाटत नाही. तिनं पद शेवटपर्यंत वाजवलं, प्रत्येक ओळीशेवटी घंटेच्या जागी बोट टेकवलं आणि प्रत्येक वेळी तो धप ऐकला. पुढच्या रांगेतली बायामाणसं आधी ऐकत होती, मग आपसांत बोलायला लागली, कारण त्या आवाजावर बोलता येत होतं. टाळ्या झाल्या. नाचणाऱ्या पोरांना झाल्या तेवढ्याच. पेंडसेवहिनी म्हणाल्या, छान हो, पण जरा स्पष्ट नव्हतं ना. कोणीतरी म्हणालं, सराव कमी पडला. मला तिथल्यातिथे भांडता आलं असतं. पण हातात मोदकांची परात होती आणि लोक रांगेत उभे होते.

रेवा खाली उतरली ती सरळ सुधीरसमोर जाऊन उभी राहिली. डबी कुठे आहे, असं तिनं जर्मनमध्ये विचारलं. एवढं जर्मन त्याला येत होतं. त्यानं झब्ब्याच्या खिशातून डबी काढून तिच्या हातात ठेवली. लपवाछपवी काही नव्हती, तसा तो माणूस नाही. माळेला प्लग हवा होता, एकच भोक शिल्लक होतं, तर जिचा काही उपयोग नाही ती काढली. तेवढं साधं. "आवाज आला ना?" तो म्हणाला. "मग?"

घरी आल्यावर जेवायच्या टेबलावर सगळं झालं. वैशालीनं मसालेभात गरम केला होता, कोणी वाढून घेतला नाही. रेवा बोलायला लागली. इतकं सलग ती बापाशी कधी बोलली नव्हती. वायर, घंटा, आदल्या दिवशीचा आवाज, दिवाणखान्यातली ती चाचणी, सगळं, जर्मनमध्ये, रडत नव्हती. सुधीरनं हात वर केला. मराठीत, तो म्हणाला. तिनं तोंड उघडलं आणि तिला शब्द मिळेनात. बफरला मराठीत काय म्हणतात हे मलाही माहीत नाही, तिला कुठून असणार. ती माझ्याकडे वळली. मी सांगायला लागले. ती म्हणते, घरी वायर लहान होती, म्हणून तुला फरक कळला नाही. ती म्हणते...

"आई," सुधीर म्हणाला, "तू मधे पडू नकोस. तिला बोलायचं असेल तर ती माझ्याशी बोलेल. इतकी वर्षं तुझ्यामुळेच ती मराठी बोलत नाही."

वैशाली म्हणाली, "अहो, राहू द्या ना." पण ते तिनं कोणाला म्हटलं ते कळलं नाही.

मी गप्प बसले. मी चौथी शिकलेली, त्याच्या घरात राहणारी, त्यानं कागदावर सिद्ध करून आणलेली. पण त्यासाठी गप्प बसले नाही. माझ्या मुलानं मला असं म्हटलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की त्याला खरंच तसं वाटतं. तो मनातलं बोलत होता. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसून मी जे करत होते ते त्याला दिसलंच नव्हतं. जेवण होत होतं, बोलणं पोचत होतं, त्याला वाटलं ते आपोआप पोचतं.

रेवा उठली. खुर्ची नीट आत सरकवली, तसं तिला लहानपणी मीच शिकवलं होतं. मग बापाकडे बघून मराठीत बोलली, सावकाश, एकही चूक न करता. "बाबा, मला आता तुम्हाला काही सांगायचं नाही."

सुधीरला वाटलं पोरगी मराठी बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो मला म्हणाला, बघितलंस, येतं तिला. मला आयुष्यात राग पुष्कळ आला आहे, पण त्या चहाच्या वेळेइतका कधी आला नाही.

गिटार तिनंच दिली, उवेकडे नेऊन, दुसऱ्या कोणा पोराला. डबीही परत केली. उवेला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, मी त्या दिवशी यायला हवं होतं. मी म्हटलं, तू येऊन काय केलं असतंस, माळेचा प्लग काढला असतास? शनिवारी रेवा गणिताला गेली. मार्क सुधारले. हे सुधीर अजून सांगतो, लोकांना, अभिमानानं, आणि ते खोटं नाही. पुढची चार वर्षं त्या घरात मराठीच बोललं गेलं. हो, नाही, जाते, आले, मीठ द्या. सगळं शुद्ध. माझी खुर्ची तिथेच होती, पण तिच्यावरून काही जात नव्हतं. आमच्या खोलीत ती माझ्याशी पूर्वीसारखीच जर्मन बोलायची. रात्री तो डास मात्र गेला.

ती शिकायला म्हणून पार उत्तरेला कीलला गेली. बापाच्या घरापासून याहून लांब गेली असती तर समुद्रात पडली असती. ती गेली आणि माझंही काम संपलं. मी इचलकरंजीला परत आले. इथे आता माग कमी झालेत, पण आमच्या बोळात अजून दोन शेड चालू आहेत. मला झोप लागते.

रेवा तिथे चष्म्याच्या दुकानात आहे. लग्न केलं नाही, गिटार पुन्हा हातात घेतली नाही, आणि मी विचारत नाही. मला फोन करते, जर्मन बोलते. माझं जर्मन गंजलंय, मी मराठीत उत्तर देते. आता तिचं-माझं उलटं झालंय, आणि आम्हाला काही अडत नाही. सुधीर रविवारी फोन करतो. तब्येत, हवा, गोळ्या. मग शेवटी, फोन ठेवायच्या आधी, आवाज जरा खाली आणून विचारतो, रेवा काही म्हणाली का? मी म्हणते, तिला विचार. दर रविवारी हेच.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. वैशालीची तब्येतही बरी नसते. त्याला रेवा यायला हवी होती, चार दिवस का होईना. तिला स्वतः सांगायला त्याला जमेना. मेसेज लिहून खोडतो असं वैशालीनं मला सांगितलं. रविवारी त्यानं फोन केला आणि बराच वेळ हवेबद्दल बोलला. मग म्हणाला, "आई, तू सांग ना तिला. तू मधे असलीस की बरं पडतं. तुझ्याकडून गेलं की तिला नीट कळतं."

इतक्या वर्षांनी का होईना, त्याला फरक ऐकू आला होता. मी लगेच हो म्हणायला हवं होतं, आजारी माणूस आहे, माझं पोर आहे. शेजारच्या शेडमधला माग चालू होता. मी तो ऐकला.

"माझ्यानं काही फरक पडत नाही सुधीर," मी म्हटलं. "तू तपासून बघितलं होतंस."

हल्लीचे फोन चांगले असतात, सात समुद्रांपलीकडचा त्याचा श्वास मला कानाशी असल्यासारखा स्वच्छ ऐकू येत होता. मी त्याला हवा तेवढा वेळ दिला. मग फोन ठेवला आणि भाकरी करायला उठले.